गुजोचं रिंगण

गुजो हाचिमानमध्ये नाच बघायला म्हणून गेलेल्या माणसाला बसायला जागा मिळत नाही, कारण तशी जागा ठेवलेलीच नसते. मंच नाही, खुर्च्या नाहीत, दोरी बांधून वेगळा काढलेला कोपरा नाही. रस्त्याच्या मधोमध चाकांवरचा एक उंच लाकडी मंडप ओढत आणून उभा करतात. त्याला म्हणतात याकाता. कंदील लावलेल्या त्या याकातात गाणारे आणि वाजवणारे बसतात, आणि त्यांच्याभोवती गाव फिरू लागतं. आधी एक रिंगण, त्याच्या बाहेर दुसरं, मग गल्लीची रुंदी पुरेनाशी झाली की लांबट होत गेलेलं तिसरं. कडेला उभं राहिलं तर थोड्याच वेळात कुणीतरी हाताने खूण करून आत बोलावतं. आमचा नाच बघायचा नसतो, नाचायचा असतो, असं गावकरी अभिमानाने सांगतात. क्योतोच्या गिओन मात्सुरीत मी फूटपाथवर उभी होते, तोकुशिमाच्या आवा ओदोरीला तिकीट काढून मांडवात बसले होते. दोन्ही उत्सव डोळे दिपवणारे आहेत, पण तिथे मी पाहुणी होते. गुजोने मला पाहुणी राहू दिलं नाही.

हे गाव गिफू प्रांतात, जपानच्या साधारण मध्यावर, चारी बाजूंनी डोंगर असलेल्या एका खोबणीत आहे. २००४ साली आसपासची गावं आणि खेडी एकत्र करून गुजो नावाचं शहर झालं. कागदोपत्री ते शहर असेल, पण हाचिमानचा जुना भाग अर्ध्या तासात पायी पालथा घालता येतो आणि वाटेत भेटणारी निम्मी माणसं एकमेकांना नावाने हाक मारतात. नाच जुलैच्या मध्यावर सुरू होतो आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला संपतो. या काळात तीसेक रात्री गाव नाचतं. रोज जागा वेगळी असते. आज या देवळाचा उत्सव, उद्या त्या वळणावरच्या जिझो बोधिसत्त्वाचा, परवा आणखी एखाद्या आळीचा, असं करत याकाता गावभर हिंडतो. यातल्या १३ ते १६ ऑगस्टच्या चार रात्री ओबोनच्या, म्हणजे पूर्वजांच्या सणाच्या. त्या रात्री नाच पहाटेपर्यंत चालतो. त्याला तेत्सुया ओदोरी म्हणतात, आणि बाहेरचं जग गुजोला ओळखतं ते बहुतेक या चार रात्रींमुळे.

नागोयाहून थेट बस आहे, दीडेक तासात पोचवते. मी मिनो-ओताला उतरून नागारागावा रेल्वे धरली. सरकारी रेल्वेला हा मार्ग परवडेना, तेव्हा १९८६ साली स्थानिक भागीदारीतल्या कंपनीने तो चालवायला घेतला. मार्ग ७२ किलोमीटरचा, डिझेलवर चालणारा एकच डबा, आणि सोबतीला नागारा नदी, कधी डाव्या खिडकीत तर कधी उजव्या. नदीत कमरेइतक्या पाण्यात माणसं भल्या लांब गळकाठ्या धरून उभी होती. ती आयु मासा पकडत होती, आणि त्यांची पद्धत शेजारच्या आजोबांनी मला हातवारे करून समजावली. आयु आपल्या हद्दीत दुसरा आयु आला की धडक मारून त्याला हाकलतो. म्हणून गळाला आमिष लावत नाहीत, जिवंत आयुच बांधून पाण्यात सोडतात. जागेचा मालक चिडून धडकला की मागे लोंबणाऱ्या आकड्यात अडकतो. नागाराचा आयु आणि त्याच्याभोवतीचं हे सगळं जगणं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१५ साली जागतिक कृषी वारशात घेतलं. आजोबांना त्याचं काही विशेष वाटत नव्हतं. यंदा पाणी चांगलं आहे, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

गावात उतरलं की आधी पाण्याचा आवाज येतो. रस्त्याच्या कडेने दगडी पाट वाहतात आणि ते गटारं नाहीत. १६५२ साली गाव जळालं, त्यानंतर किल्लेदार एन्दो घराण्याने आगीपासून बचावासाठी हे पाट खोदून घेतले. पुढे १९१९ साली पुन्हा मोठी आग लागून उत्तरेकडची आळी बेचिराख झाली. आज दिसणारी काळपट लाकडी घरं बहुतेक त्यानंतरची आहेत, आणि त्या भागाला २०१२ पासून राष्ट्रीय पातळीवर संरक्षण आहे. घरं अरुंद, एकमेकांना खेटून उभी, दोन घरांमध्ये ज्वाळा अडवायला वर आडवी भिंत आणि वळचणीला टांगलेली बादली. शोभेची असेल असं वाटून मी एका दारापाशी थांबले, तर आतल्या बाई म्हणाल्या, आग लागली तर पहिली बादली ज्याच्या हाताशी असेल त्यानेच टाकायची, बंब येईपर्यंत वाट बघायची नाही.

पाण्याची शिस्त नीट बघायची तर सोगिसुईला जावं. दगडी पायऱ्या उतरून नदीकाठी गेलं की एक छोटं देऊळ आणि त्याखाली झरा. पंधराव्या शतकातले कवी सोगी इथे आले, या भागाचे अधिपती तो त्सुनेयोरी यांच्याकडून जुन्या काव्याची परंपरागत दीक्षा घेतली आणि काही काळ या झऱ्याच्या जवळ राहिले, म्हणून हे नाव. १९८५ साली जपानच्या पर्यावरण खात्याने देशातल्या शंभर उत्तम पाणवठ्यांची यादी केली, तेव्हा पहिलं नाव या झऱ्याचं होतं. झऱ्याचं पाणी एकाखाली एक अशा दगडी कप्प्यांतून उतरत जातं. सगळ्यात वरचं प्यायचं, त्याखालचं तांदूळ धुवायचं, त्याखालचं भाजी धुवायचं, शेवटचं खरकटी भांडी विसळायचं. वरच्या कप्प्यात कुणी हात घालत नाही. मी तिथे असताना एक मुलगा नदीत पोहून ओलाचिंब होऊन आला, वरच्या कप्प्याशी टांगलेला लाकडी ओगराळा घेऊन पाणी प्यायला, ओगराळा पुन्हा जागेवर ठेवला आणि पळाला. त्याचे सोबती पुलावर चढून योशिदा नदीच्या डोहात उड्या मारत होते. पूल बारा मीटर उंच आहे. काठावरून बघतानाच माझ्या पोटात गोळा आला.

नाचायचं तर पायात गेता, म्हणजे लाकडी खडावा, हव्यात. रबरी चप्पल घालून रिंगणात जाता येतं, कुणी अडवत नाही, पण मग आपला आवाज येत नाही, आणि गुजोच्या नाचात पायांचा आवाज हेच अर्धं वाद्य आहे. स्थानिक हिनोकीच्या लाकडापासून गेता बनवणाऱ्या एका दुकानात मी शिरले. भिंतभर लाकडी तळवे रचलेले आणि समोर पट्ट्यांचे ढीग: निळे, जांभळे, बारीक फुलांचे, एक तर पिवळाधमक. मी गडद निळा पट्टा निवडला. कारागीर चाळिशीचा असावा. त्याने तळवा मांडीवर उलटा घेतला. तळव्याला तीन भोकं असतात, पुढे एक आणि मागे दोन. पट्ट्याची टोकं मागच्या भोकांतून खाली ओढून गाठ मारली, पुढची दोरी अंगठ्याजवळच्या भोकातून ओवली, खाली घट्ट आवळली आणि लहान हातोडीने गाठ आत ठोकली. मग मला घालून उभं राहायला सांगितलं. गुडघे टेकून त्याने पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं, पुन्हा सोडलं, पुन्हा ओढलं. टाच मागे थोडी बाहेर यायला हवी, म्हणाला, नाहीतर वजन मागे जातं आणि पहाटेपर्यंत कंबर धरते. हे तळवे एका अखंड ठोकळ्यातून कोरतात, खालचे दात वेगळे जोडलेले नसतात, म्हणून आवाज भरीव येतो. त्याने दुकानाच्या दगडी उंबऱ्यावर एक गेता आपटून दाखवली. आवाज कोरडा, स्वच्छ, लगेच संपणारा.

पैसे घेताना त्याने एकच सूचना केली. पायांकडे बघू नका, पुढच्या माणसाच्या हातांकडे बघा.

गावातल्या संग्रहालयात दिवसातून अनेकदा नाच शिकवतात. दहा प्रकार आहेत. एवढी ओळख झाली की रात्री रिंगणात वावरता येतं. पण मला पावलांपेक्षा त्या गाण्यांचा इतिहास ऐकण्यात जास्त रस वाटला, कारण दहापैकी फारच थोडं इथेच जन्मलेलं आहे. 'कावासाकी' हा नाच गुजोची ओळख मानतात, पण तो इसेच्या तीर्थयात्रेहून परतणाऱ्यांनी आणला असं सांगतात. 'सावागी' रंगमहालातल्या बैठकीतून आला. 'गेनगेन बाराबारा' मुलींच्या चेंडूच्या खेळातून आला. 'नेको नो को' म्हणजे मांजराचं पिल्लू. रेशमाचे किडे पाळणाऱ्या घरांत उंदरांचा त्रास फार, म्हणून मांजराला मान. 'हारुकोमा' हा घोड्यांचा नाच, त्यात लगाम धरल्यासारखे हात आणि पायांत उसळी. या डोंगरात घोडे पैदा होत आणि बाजारात विकले जात, आणि गाण्याचं पालुपद म्हणजे घोड्याच्या किमतीचा पुकारा आहे. गुजो हे डोंगरातल्या वाटा एकत्र येण्याचं ठिकाण होतं. जो कुणी आला त्याचं गाणं गावाने ठेवून घेतलं आणि त्याला आपले पाय दिले.

माझी पहिली रात्र ओबोनच्या आधीची, साधी होती. एका लहान देवळापुढचा रस्ता, नाच आठला सुरू, साडेदहाच्या सुमारास संपणार. आळीतली माणसं दुकानं बंद करून येत होती. एका आजींनी भाजीची पिशवी भिंतीशी ठेवली आणि रिंगणात शिरल्या. दोघी शाळकरी मुली युकाताच्या, म्हणजे सुती किमोनोच्या, बाह्या वर सारत आल्या. टायवाला एक माणूस बूट काढून, हातातल्या पिशवीतून गेता काढून पायात सरकवत होता. सामिसेन आणि बासरी सुरू झाली, वरून गायकाने 'कावासाकी' उचललं आणि सगळे हात एकदम वर गेले.

मी त्या पिशवीवाल्या आजींच्या मागे उभी राहिले. त्यांची हालचाल फार छोटी होती. तरुण मुलं हात फेकतात, त्या फक्त मनगट वळवत होत्या, पण ठेक्याच्या आत किती जागा असते ते त्यांच्याकडे बघून कळत होतं. दोन-तीन फेऱ्यांनंतर त्यांनी न वळताच टाळीची वेळ जरा ठळक करून दाखवली. ते त्या माझ्यासाठीच करत होत्या. रिंगणात प्रत्येकाच्या पुढे कुणीतरी असतं आणि मागे कुणीतरी, त्यामुळे शिकवणारा आणि शिकणारा अशी दोन माणसं वेगळी काढताच येत नाहीत. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की माझ्यामागचा लहान मुलगा माझ्या हातांकडे बघतोय. मी हात नीट उचलू लागले.

आवाजाबद्दल सांगायलाच हवं. आषाढीच्या वाटेवर शेकडो टाळ विखुरलेले वाजत असतात आणि मग एका क्षणी सगळे एका ठेक्यावर येतात, तेव्हा छातीत जे होतं ते मला इथे लाकडी पायांच्या आवाजाने झालं. 'हारुकोमा' लागलं की गेता एकदम आपटतात आणि रस्ताच वाजतो. लाकडी घरांच्या भिंती तो आवाज परत पाठवतात. पाटातलं पाणी ऐकू येईनासं होतं.

रिंगणात पिवळसर पट्टी लावलेली दोन-तीन माणसं शांतपणे फिरत होती. ती जतन मंडळाची. गुजो ओदोरी होझोनकाई हे मंडळ १९२२ साली स्थापन झालं आणि गाणं, वाजवणं, नाचाची पद्धत हे सगळं त्याच्याकडे आहे. रोज रात्री एक नाच परीक्षेसाठी ठरवलेला असतो. तो जो मनापासून आणि नेमका नाचतो, त्याच्या हातात ही माणसं एक लाकडी पट्टी ठेवतात. ती दाखवली की नाव घातलेलं प्रमाणपत्र मिळतं. त्या रात्री ती पट्टी टायवाल्या माणसाला मिळाली. त्याने ती दोन्ही हातांनी कपाळाला लावली आणि पुन्हा रिंगणात आला.

नाचाचं श्रेय लोक एन्दो योशिताका या सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या अधिपतीला देतात. खेड्यापाड्यांतले नाच त्याने किल्ल्याच्या पायथ्याशी एकत्र आणले, ओबोनच्या चार दिवसांत सामुराई, शेतकरी, कारागीर, व्यापारी असा भेद न करता सगळ्यांनी नाचावं असं सांगितलं, ही कथा गावात सगळीकडे ऐकू येते. ती खरी असेल. पण हा नाच एवढा घट्ट का धरून ठेवला गेला हे मला दुसऱ्या गोष्टीतून समजलं, आणि ती गोष्ट गावातल्या अधिपतींना फारशी सोयीची नाही.

१७५४ साली इथले अधिपती कानामोरी योरिकाने यांनी सारा ठरवण्याची रीत बदलायला घेतली. तोवर सारा ठरावीक असे. पीक चांगलं आलं तर वरचं शेतकऱ्याच्या घरी राही. नव्या रीतीत दरवर्षी उभ्या पिकाची पाहणी करून सारा लावायचा होता, म्हणजे शेतकऱ्याने जास्त राबून जे काढलं तेही मोजून न्यायचं. गावंच्या गावं उठली. हा लढा चार वर्षं चालला. १७५५ साली काही शेतकरी एदोपर्यंत, म्हणजे आजच्या टोकियोपर्यंत, चालत गेले आणि शोगुनच्या एका मुख्य मंत्र्याच्या पालखीपुढे अर्ज घेऊन आडवे झाले. अशा आगळिकीची शिक्षा मृत्यू होती आणि ते त्यांना माहीत होतं. १७५८ साली निकाल लागला. कानामोरी घराण्याची जहागीर काढून घेतली गेली, शोगुनच्या दरबारातल्या बड्या अधिकाऱ्यांनाही पदं सोडावी लागली. शेतकऱ्यांच्या उठावाने एवढ्या वरपर्यंत हादरा बसावा असं क्वचितच घडलं होतं. पण उठावाच्या पुढाऱ्यांनाही मृत्युदंड झाला, आणि त्यातल्या काहींची शिरं गुजोत आणून लोकांना दिसतील अशी ठेवली गेली.

या लढ्यातले शपथेचे कागद आजही आहेत. त्यांचं चित्र मी बराच वेळ बघत राहिले. सह्या एकाखाली एक नाहीत. कागदाच्या मध्यभागी मोकळी जागा आणि तिच्याभोवती छत्रीच्या काड्यांसारखी बाहेर पसरणारी नावं. वर्तुळात पहिलं नाव नसतं, म्हणून कागद पकडला गेला तरी म्होरक्या कोण ते सांगता येत नाही. जिवावर उदार झालेल्या माणसांनी विचारपूर्वक आखलेलं वर्तुळ आहे ते.

गुजोच्या दहा नाचांत 'याच्चिकु' नावाचा एक आहे. त्याचं गाणं लांब, कथा सांगत जाणारं, आणि कथा याच शेतकऱ्यांची. ओबोनच्या पहिल्या रात्री ते लागलं तेव्हा रिंगणात हजारो माणसं होती. बहुतेक बाहेरून आलेली, बसमधून उतरलेली, तरुण. गायकाचा आवाज वरून एकसुरी येत राहिला आणि खाली सगळे त्या माणसांच्या कथेवर पाऊल टाकत फिरत राहिले. कितीजणांना शब्द कळत होते कोण जाणे. माझ्या पुढचे एक वयस्क गृहस्थ ओठांनी प्रत्येक ओळ म्हणत होते. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी ज्यांची शिरं या खोऱ्यात उघड्यावर ठेवली गेली, त्यांची नावं इथे दर उन्हाळ्यात उघड्या रस्त्यावर गायली जातात आणि त्यावर लहान पोरंसुद्धा नाचतात. स्मारकं मी पुष्कळ पाहिली आहेत. याच्याइतकं जिवंत स्मारक माझ्या पाहण्यात नाही.

ओबोन म्हणजे गेलेल्यांनी घरी परत यायचे दिवस. या सणाच्या मुळाशी मोकुरेनची गोष्ट आहे. मोकुरेन म्हणजे आपल्याकडचे महामोग्गल्लान, बुद्धाचे पट्टशिष्य, ज्यांच्या अस्थी सांचीच्या स्तूपात सापडल्या. त्यांना दिव्य दृष्टीने दिसलं की आपली आई प्रेतलोकात उपाशी आहे. बुद्धाच्या सांगण्यावरून त्यांनी सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला संघाला अन्नदान केलं आणि आई सुटली. तेव्हा आनंदाने ते नाचले, तोच पहिला बोन ओदोरी, अशी जपानमध्ये समजूत आहे.

मी उतरले होते त्या घराच्या मालकीणबाईंचे यजमान हिवाळ्यात गेले होते. त्यांचा हा पहिला ओबोन. देवघरापुढे नवा कंदील, फळं, आणि यजमानांच्या जुन्या गेता पुसून ठेवलेल्या. संध्याकाळी मुलगा आणि सून आली, जेवणं झाली, बाईंनी युकाता नेसली आणि मला म्हणाल्या, चला, तेही नाचायला आले असतील. रिंगणात मी त्यांना दुरून बघत होते. 'कावासाकी'त त्या सुंदर नाचत होत्या आणि चेहरा अगदी प्रसन्न होता. मधेच त्यांनी उजवीकडे थोडी जागा सोडल्यासारखं मला वाटलं. गर्दीत कदाचित तसं झालं असेल.

मध्यरात्रीनंतर गर्दी उतरते असं मला वाटलं होतं. उलट दोनच्या पुढे रिंगण घट्ट झालं. झोपलेली मुलं बापांच्या पाठीवर. बर्फाचा गोळा आणि मिठात भाजलेला आयु विकणारे अजून उभे. तिशीतल्या मुलामुलींचा एक घोळका 'हारुकोमा'ची वाट बघत होता आणि ते लागलं की आरोळी ठोकत उसळत होता. मला त्यांचा उत्साह आवडला. पण माझं मन विचाराल तर मी साध्या रात्रींच्या बाजूने आहे. ओबोनच्या रात्री नाच गावाच्या हातातून थोडा निसटतो, पावलं ढोबळ होतात, ठेका पुढे पळतो. भाजीची पिशवी भिंतीशी ठेवून आलेल्या आजी त्या रात्री दिसल्या नाहीत. नाच टिकून आहे तो या चार रात्रींवर नाही, बाकीच्या पंचवीस-सव्वीस रात्रींवर, जेव्हा पाऊस भुरभुरत असतो, रिंगणात मोजकी माणसं असतात आणि तरीही याकाता ओढत आणलेला असतो. गुजोला जाणाऱ्याने शक्य असेल तर एक रात्र तशी ठेवावी.

२०२० आणि २०२१ साली साथीमुळे रस्ते रिकामे राहिले. गेता बनवणारा त्या दोन वर्षांबद्दल फार बोलला नाही. लाकूड साठत गेलं, म्हणाला. २०२२ साली नाच परत आला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीला युनेस्कोने जपानच्या 'फुर्यू ओदोरी'ला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. देशातल्या एकेचाळीस नाचांमध्ये गुजो आहे. मला त्याचा आनंद आहे. पण दोन उन्हाळे नाच नसताना ज्यांनी सामिसेनचा रियाज सोडला नाही त्यांचा आनंद त्याहून जास्त आहे. त्यांच्यापैकी एक बाई दिवसा औषधाच्या दुकानात काउंटरवर बसतात. सकाळी मी पायाच्या फोडांसाठी मलम घ्यायला गेले तेव्हा त्यांनी मला ओळखलं आणि 'सान्ब्याकु' या नाचात माझा डावा हात उशिरा येतो ते सांगितलं.

शेवटचा नाच 'मात्सुसाका'. सामिसेन नाही, बासरी नाही, फक्त लाकडी टिपऱ्यांचा ठोका आणि माणसाचा आवाज. तो लागला की पहाट झाली हे कळतं. त्यानंतर याकातावरून आभार मानले, लोक वाकले आणि रस्ता मोकळा होऊ लागला. माझ्या गेतांच्या दातांच्या कडा गोल झाल्या होत्या, मागचा डावा तर चांगलाच झिजला होता.

स्टेशनकडे जाताना टोकियोची एक तरुणी सोबत चालू लागली. ती कचेरीत काम करते, नातेवाईक इथे कुणी नाही. मग एवढा चोख नाच कुठे शिकलीस, असं विचारलं तर म्हणाली, आओयामात. १७५८ साली कानामोरींच्या जागी गुजोत जे घराणं आलं ते आओयामा. उठावानंतरच्या अस्वस्थ खोऱ्याला शांत करणं हे त्यांच्यापुढचं काम होतं. नव्या अधिपतींनी स्वागताला आलेल्यांना तीनशे मोन वाटले, त्यावरून 'सान्ब्याकु', म्हणजे 'तीनशे', हा नाच आला अशी आख्यायिका आहे. याच घराण्याचा एदोत मोठा वाडा होता आणि त्यावरून टोकियोतल्या आजच्या उच्चभ्रू आओयामा वस्तीला नाव पडलं. १९९४ पासून दर जूनमध्ये गुजोची माणसं याकाता, गायक, गेता असं सगळं घेऊन तिथे जातात आणि आओयामाकरांना नाचवतात. म्हणजे ज्यांनी उठाव केला त्यांचा नाच अधिपतींच्या वाड्याच्या जागी जाऊन पोचला आहे, 'याच्चिकु'सकट. त्या मुलीने पुढच्या जूनची जागा आणि वेळ माझ्या वहीत लिहून दिली, आणि 'सान्ब्याकु'चा डावा हात प्लॅटफॉर्मवर दोनदा करून दाखवला.